भाऊसाहेब जिना उतरतात

वृद्धाश्रमाचे ट्रस्टी भाऊसाहेब सरंजामे लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आले आणि आगीचा सराव पाहून भडकले. "लिफ्ट असताना ही कसरत कशाला? उद्यापासून बंद!"

सराव घेणाऱ्या कुंदा सिस्टर पुढे आल्या. त्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले अकराजण होते.

"साहेब, आगीत लिफ्ट वापरता येत नाही. तुम्ही जिन्याने उतरून दाखवा, मी सराव बंद करते."

चौथ्याच पायरीवर भाऊसाहेबांचे गुडघे अडले. सिस्टरांनी त्यांना सरावासाठी आणलेल्या गादीवर झोपवून चादरीने बांधलं. दोन सडपातळ नर्सनी ते शंभर किलोंचं ओझं अलगद सरकवत तळमजल्यावर आणलं.

भाऊसाहेब थक्क होऊन जिन्याकडे पाहत राहिले. "वरच्या सगळ्यांना असंच आणता येईल?"

"ते तर तुमच्यापेक्षा पुष्कळ हलके आहेत, साहेब. फक्त सराव हवा."

"चालू ठेवा," भाऊसाहेब गादीवरूनच म्हणाले.