टाच टेकवताना

“म्हाराज, गावात एवढे पाय हायती. देवाला माझीच टाच का दिसती?”

भानगीर गोसावी दिव्याची वात वळत होते. वळत राहिले.

विचारणारा सुबराव चौगले. भैरोबाच्या डोंगराच्या पायथ्याला गोसाव्यांची मठी होती आणि तिथवर तो लंगडत आला होता. उजव्या टाचेच्या वरची जाड शीर सुजून टम्म झाली होती.

चैत्रातल्या यात्रेत भैरोबाची काठी चौगल्यांच्या दारातून निघते. माडाएवढा उंच बांबू, त्याला निशाण. तोल धरायला चौघांच्या हातांत दोऱ्या असतात, पण भार एकट्याच्या कमरेला. अनवाणी, काठी नाचवत थेट शिखर गाठायचं. बापाच्या मागे हा मान सुबरावकडे आला होता. मानाबरोबर थोडी मिजासही आली होती, ती बापाकडे नव्हती.

पण अलीकडे दर यात्रेत अर्ध्या डोंगरावर शीर धरायची. मग काठी दुसरं कोणीतरी कशीबशी वर न्यायचं आणि सुबरावला घोंगड्यात घालून चौघेजण खाली आणायचे. लग्नाच्या वरातीत नवरदेवालाच उचलून न्यावं, तसली तऱ्हा. पंचांनी आता बजावलं होतं: औंदा वाटेत बसलास, तर मान तुझ्या चुलतभावाला, बाजीला.

“उपाय केलास?” गोसाव्यांनी विचारलं.

“समदं केलं. डाक्टर म्हनला, इश्रांती घे. आक्खा पावसाळा खाटंवर काढला. दुखायचं ऱ्हायलं. म्हनून दसऱ्याला डोंगर पळत चढून बघितला...”

“मग?”

सुबरावने सुजलेली टाच पुढे केली.

डॉक्टर पुढेही काही बोलले होते. थोडा थोडा भार टाकत जा, असं काहीसं. पण विश्रांती हा शब्द कानी पडताच सुबरावने दवाखान्याचं दार गाठलं होतं.

“नजर लागली असंल,” तो म्हणाला. “बाजीची.”

गोसाव्यांनी उंबऱ्याबाहेर पाहिलं. तिथे काळे, जाड टाचेचे बूट होते.

“हे तुझे?”

“व्हय. साखर कारखान्याच्या गेटावर हाय मी. वरीसभर हेच पायात.”

“आणि अनवाणी कधी?”

सुबराव सावरून बसला. हे सांगायला त्याला आवडायचं. “पाडव्याला पायताण सोडायचं आन् पुनवंला काठी उचलायची. कडक नेम हाय आमच्या घरात. आज्ज्यापासनं.”

“आजा पाडव्याच्या आधी काय घालायचा?”

सुबरावला हसू आलं. “आज्ज्याला कुठलं पायताण, म्हाराज! त्यो जन्मभर अनवाणीच...”

हसू अर्ध्यातच थांबलं. नजर उंबऱ्याबाहेरच्या जाड टाचांवर गेली.

गोसाव्यांनी वात पणतीत ठेवली.

मठीमागच्या आंब्यावर पोपट भांडत होते.

“मग आता?” सुबराव हळूच म्हणाला.

गोसाव्यांनी तेलाचा गडू त्याच्या हातात दिला आणि अंगणातल्या दीपमाळेकडे बोट केलं.

सुबरावला राग आला. काठीचा मानकरी तो, आणि दिवे लावायचं काम! पण मागायला आलेल्याने हात कसा मागे घ्यायचा? तो दगडी चौथऱ्यावर चढला. दिव्यांची जागा उंच होती. चवडे कडेवर रोवून तो झटक्यात उंचावला, तेल ओतलं आणि धपकन टाचांवर आला. गडूतलं तेल हातावर सांडलं, पायात कळ गेली.

“परत,” गोसावी म्हणाले.

“वर तर गेलो की!”

“वर जायला तुला कुणी शिकवायला नको. खाली ये. दोन्ही पायांवर वर जा, दुखऱ्या पायावर खाली ये. तेल हलू नये.”

सुबराव पुन्हा चवड्यांवर उभा राहिला. डावा पाय उचलला. दीपमाळेला एक हात लावून उजवी टाच सावकाश, सावकाश खाली सोडली. घाम फुटला.

“दुखतंय, म्हाराज.”

“रडण्याइतकं?”

“न्हाई.”

“सकाळी बघ. जास्त दुखलं तर उद्या दिवे कमी कर. नाही तर एक वाढव.”

निघताना त्याने बुटांकडे हात केला, तेव्हा गोसावी म्हणाले, “उद्या हे अंगणाच्या कडेला सोड. परवा आंब्याखाली. रोज थोडे लांब, तिथून अनवाणी ये.”

“आन् बरं कवा व्हनार?”

गोसावी आत निघून गेले.

सुबराव येत राहिला. बायको म्हणाली, काठी गेली आणि पणती आली. गाव हसलं. बाजी मात्र हसला नाही, आणि तेच सुबरावला जास्त लागलं.

थंडी सरता सरता सकाळची आखडलेली शीर सैल पडू लागली. बूट आता पार ओढ्यापलीकडे राहत होते. एके दिवशी सुबरावने टाच दाबून पाहिली, कुठेच दुखली नाही. त्याला राहवलं नाही. कोणाला न सांगता तो डोंगर पळत चढला...

त्या संध्याकाळी दीपमाळ गोसाव्यांनीच लावली. नंतरही काही दिवस सुबराव फिरकला नाही. आला तेव्हा पुन्हा लंगडत होता. मान खाली. शिव्या खायची तयारी करूनच आला होता.

गोसाव्यांनी गडू पुढे केला.

“समदं पान्यात गेलं, म्हाराज.”

“दिवे होते तिथंच आहेत.”

“दुखायचं ऱ्हायलं, म्हनून वाटलं...”

“दुखणं गेलं होतं,” गोसावी म्हणाले. “बळ यायचं होतं.”

सुबराव चौथऱ्यावर चढला.

चैत्र आला. पाडव्याला पायताण सोडायचं, तर सुबरावच्या पायात ते नव्हतंच. पुनवेला हलगी कडाडली. कमरेच्या पट्ट्यात काठी बसवून त्याने डोंगराकडे तोंड केलं. एका दोरीला बाजी होता.

“भैरोबाच्या नावानं चांगभलं!”

अर्धा डोंगर गेला. शीर धरायची ती जागाही मागे पडली. बायाबापड्या पायांवर पाणी घालत होत्या. सुबरावचं मन भरून आलं. बाप बघत असेल, असं त्याला वाटलं.

शेवटची खडी चढण समोर आली आणि टाचेच्या वर काहीतरी ओढलं गेलं.

कळ नव्हती. नुसती ओढ होती. पूर्वी असती तर त्याला कळलीही नसती. पण इतक्या संध्याकाळी त्याच जागेकडे लक्ष लावून काढल्यावर तिचा आवाज ओळखीचा झाला होता.

वर शिखर दिसत होतं. दात आवळून रेटलं असतं, तर कदाचित पोचलाही असता. लोक ओरडत होते. त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायला पाय उचलला...

आणि थांबला.

“बाजी, घे.”

बाजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “अरं, आलं की शिखर! रेट थोडं.”

“घे म्हनतो न्हवं!”

सुबरावने गुडघे वाकवले. माडाएवढी काठी त्याने इतक्या सावकाश खाली सोडली, की वरचं निशाण हललंसुद्धा नाही. बाजीने ती कमरेला घेतली. हलगी क्षणभर अडखळली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग पुन्हा चांगभलं झालं आणि गर्दी काठीबरोबर वर गेली.

सुबराव एकटा राहिला. एका दगडावर बसून तो रडला. घराण्याचा मान त्याने स्वतःच्या हाताने दिला होता, आणि त्याचं दुःख साधंसुधं नव्हतं. मग डोळे पुसून उठला आणि उतरू लागला. प्रत्येक पावलाला टाच हळू टेकवत.

मठीच्या अंगणात ऊन कलतं झालं होतं. भानगीर गोसावी वात वळत बसले होते.

“मान गेला, म्हाराज.”

गोसाव्यांनी वर पाहिलं नाही.

“काठी?”

“पोचली. बाजीनं न्हेली.”

गोसाव्यांनी वात पणतीत ठेवली. सुबरावच्या मागे, डोंगराच्या मोकळ्या वाटेकडे एकवार पाहिलं. मग तेलाचा गडू उचलून त्याच्यापुढे धरला.

“आणि तुला खाली कुणी आणलं?”