कोथिंबिरीची हाक

झाडं एकमेकांशी बोलायची तेव्हाची गोष्ट. वाफ्यातल्या कोथिंबिरीला एका सकाळी बडीशेपेसारखं बारीक पान फुटलं आणि ती दचकली. आपली पानं तर चांगली रुंद, मग हे कुणाचं?

"तुऱ्यावर आली ही," मळेवाली वच्छाक्का जावेला म्हणाली. "बियाण्याला एवढी एकच ठेव. पुनवेपर्यंत धणे धरले नाहीत, तर तिलाही उपट."

पांढरी फुलं आली. सगळ्या फुलांत एकदमच पराग आधी पिकला आणि गळून गेला. तो झेलणारं टोक मागाहून तयार झालं. एका घरात राहून दोघांची भेट नाही. आता दुसऱ्या कोथिंबिरीचा पराग कुणी आणला, तरच धणे.

माश्या जवळ येत आणि वळत. "इथे ढेकूण राहतो वाटतं," एक म्हणाली. तिचंही चुकलं नव्हतं. पिकावरच्या हिरव्या ढेकणाच्या अंगातलं वासाचं द्रव्यच कोथिंबिरीच्या पानांत होतं.

"माझ्यासारखं कर," शेजारचा पुदिना म्हणाला. "फांदी टेकवायची, मुळं सोडायची. कुणाला बोलवायचं कामच नाही."

कोथिंबिरीला ते जमणारं नव्हतं. तिने खालची पानं पिवळी करून गाळली. उरला तो फुलांचा गोडसर वास. तोच तिने वाऱ्यावर सोडला. पुनवेला सहा दिवस उरले होते.

"कुणी आहे का?"

"आले गं, धीर धर," पायांना पराग माखलेली एक माशी बांधावरून म्हणाली. "पलीकडच्या मळ्यातही एक अशीच हाका मारत होती. तिच्याकडे थांबले होते."