तपकिरी रेघेचा दात

फार पूर्वी, दात घडवणाऱ्या बर्वेबाईंच्या टेबलावर चिनीमातीचा एक दात भट्टीची वाट पाहत होता. शेवंताआजींच्या तुटलेल्या दाताच्या जागी तो बसणार होता. बाईंनी त्याच्या टोकाला काचेसारखी झाक दिली होती आणि शेजारच्या दातावर होती तशीच बारीक तपकिरी रेघही ओढली होती.

“शी!” नमुन्यांच्या पेटीतला सर्वांत पांढरा दात म्हणाला. “भाजलास की ही रेघ जन्माची. आत्ताच बाईंना सांग, पुसून टाका म्हणावं.”

“मुळीच सांगणार नाही! माझ्या शेजाऱ्याने साठ वर्षं भाकरी चावली आहे. त्याला लाजवायला मी जात नाहीये,” असं ठणकावून तो भट्टीत शिरला.

आठवड्याने आजी तोंडभर हसल्या. नवा दात कोणता, ते घरात कुणालाच ओळखता आलं नाही.

पांढरा दात पेटीतच चमकत राहिला. भाकरीची चव त्याला कधीच कळली नाही.