पेटी कुठली घ्यायची

“मग तात्या, चाकांची घेऊ की बिनचाकांची?”

गेनूतात्या सुतार अंगणात करवतीला धार लावत बसले होते. त्यांच्या हातातली कानस थांबली नाही.

अंकुशने प्रश्न पुन्हा विचारला नाही. तात्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेला माणूस तो. तात्यांना एकदा विचारलेलं दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

पुढची दहा वर्षं त्याने पुण्यात फर्निचरची कामं केली होती आणि आता गावी परतला होता तो अकरा यंत्रं घेऊन. सगळी बॅटरीवर चालणारी, सगळी एकाच रंगाची. ड्रिल, कटर, रंधा, पॉलिशचं यंत्र... तालुक्यात एवढा संच दुसऱ्या कुणाकडे नव्हता. हे तो ज्याला त्याला सांगत असे.

काम मिळालं होतं ते धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीतल्या शाळेचं. सात दारं, नऊ खिडक्या. जूनमध्ये शाळा भरायच्या आत सगळं उरकायचं होतं. तिकडे रस्ता नाही, लाँचने जावं लागतं. पोत्यात भरून नेली तर यंत्रं एकमेकांवर आपटणार. म्हणून साताऱ्याच्या ओळखीच्या दुकानदाराकडून त्याने दोन तऱ्हेच्या पेट्या दोन दिवसांसाठी बघायला आणल्या होत्या.

एक तीन पेट्यांची चळत. खालच्या पेटीला चाकं, ओढायला दांडा. पेटीवर पेटी ठेवली की खटका बसायचा आणि तिघींची एक व्हायची.

दुसऱ्या दोन पेट्या बुटक्या, बिनचाकांच्या. त्याही एकमेकींत अडकायच्या, पण उचलायच्या हातानेच.

अंकुशने चळतीचा खटका दोनदा लावून दाखवला. टक्... टक्...

“आवाज ऐका तात्या. मोटारीचं दार लागल्यासारखा.”

तात्यांनी कानस बाजूला ठेवली. चळतीकडे पाहिलं. मग अंकुशकडे.

“उद्या मापं घ्यायला जायचंय ना तुला?”

“हो.”

“दोन्ही घे. मीही येतो.”

त्या रात्री अंकुशने पेट्या मन लावून भरल्या. चळतीच्या वरच्या पेटीत ड्रिलला लावायची सगळी बिटं, जाडीप्रमाणे लावलेली. मधल्या पेटीत ड्रिल आणि लहान यंत्रं. बॅटऱ्या जड, म्हणून त्या सगळ्या तळाच्या पेटीत. कटर आणि रंधा बुटक्या पेट्यांत. झाकण उघडलं की नजर ठरत नव्हती. त्याने फोटो काढून पुण्याच्या मित्रांना पाठवला.

सकाळच्या लाँचमध्ये चळत दिमाखात उभी राहिली. लाँचवाला बबन म्हणाला, “काय, बिऱ्हाड हलवलं का?”

अंकुश हसला. तात्या पाण्याकडे बघत होते.

पलीकडे उतरले तर पाणी खूप मागे सरलेलं. काठापर्यंत शंभर पावलं नुसता गाळ. वरून वाळलेला, आतून ओला. चाकं चार पावलं फिरली आणि रुतली. अंकुशने ओढलं, ढकललं, शेवटी चळत सोडवली आणि एकेक पेटी खांद्यावर घेऊन वर नेली. पाच पेट्या, पाच खेपा. तात्या वर दगडावर बसून राहिले.

“म्हणजे बिनचाकांचीच...” अंकुश धापा टाकत म्हणाला.

तात्यांनी पायाचा गाळ दगडावर घासला.

तेवढ्यात शाळेकडून मुख्याध्यापिका केंजळेबाई धावत आल्या.

“सुतार ना तुम्ही? लवकर चला. हौसाबाई आत अडकल्यात!”

हौसाबाई शाळेत खिचडी करायच्या. साठीच्या. दारांचं काम निघणार म्हणून कोठीतली तांदळाची पोती मोजायला आत गेल्या होत्या. वाऱ्याने दार आपटलं, जुनी खिट्टी आतून खाली पडली आणि गंजलेल्या भोकात घट्ट बसली. पाऊण तास झाला होता. वाडीतली धडधाकट माणसं बाजाराला गेलेली. वर पत्रा. कोठीला खिडकी नाही.

“त्यांना दमा आहे हो,” केंजळेबाई म्हणाल्या. त्यांच्या मुठीत हौसाबाईंचा दम्याचा पंप होता. दाराच्या फटीतून तो जात नव्हता.

दार बाहेर उघडणारं, म्हणून बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. अंकुशने एका नजरेत ओळखलं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले की दार सुटणार. स्क्रू गंजलेले, हाताने हलणारे नव्हते. ड्रिल लागणार.

“दोन मिनिटं!” तो ओरडला.

पेट्या त्याने वाटेत पुन्हा एकीत एक अडकवल्या होत्या. वरचा खटका काढला. वरची पेटी उतरवली. मधल्या पेटीतून ड्रिल काढलं. ड्रिलला बॅटरी नव्हती. मधली पेटी उतरवली, तळाची उघडली, बॅटरी घेतली. आता बिट. बिटं वरच्या पेटीत, आणि वरच्या पेटीवर त्याने मधली ठेवलेली...

तात्या दाराला पाठ लावून खाली बसले. फटीला तोंड लावून बोलू लागले.

“हौसाबाई, माहेर कुठलं तुमचं?”

आतून श्वासाचा आवाज आला. मग, “बुडालं... धरणात.”

“आमचंही. तुमच्या गावात चिंच होती का हो, देवळापुढं?”

“होती...”

“गोड का आंबट?”

उत्तर आलं नाही.

“हौसाबाई?”

अंकुशच्या हातातून बिटांचा डबा निसटला. सगळी बिटं मातीत. गुडघ्यावर बसून तो चाचपडत राहिला. हे जाड, हे बारीक, हे लाकडाचं... हवं ते सापडलं.

सहा स्क्रू. चौथ्याचं डोकं झिजलं, तिथे त्याने बिजागरीच उचकटली. दार सुटलं. केंजळेबाई आत शिरल्या.

हौसाबाई पोत्यांना टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर. केंजळेबाईंनी पंप तोंडाशी धरला. एकदा, दोनदा... बऱ्याच वेळाने हौसाबाईंची मान हलली. लाँचवरून धावत आलेल्या बबनने त्यांना उचलून लाँचमध्ये नेलं. पलीकडच्या दवाखान्यात दोन दिवस राहून त्या घरी आल्या.

परतीच्या लाँचमध्ये अंकुश बिटांवरची माती पुसत होता. मध्यावर आल्यावर म्हणाला, “चाकांची नको, तात्या.”

“हं.”

“नुसत्या गाळामुळे नव्हे. भरली कशी, तेच चुकलं. बिटं बिटांत, बॅटऱ्या बॅटऱ्यांत...”

“दुकानात तशीच ठेवतात,” तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंकुशने चळत परत केली आणि तसल्या बुटक्या तीन पेट्या घेतल्या. आठवडाभर तो त्या भरत होता आणि पुन्हा रिकाम्या करत होता. शेवटी एका पेटीत दारांचं सगळं काम बसलं. बॅटरी लावलेलं ड्रिल, लागणारी चारच बिटं, स्क्रू, बिजागऱ्या. दुसरीत खिडक्यांचं. तिसरीत तासायचं आणि घासायचं. यंत्रं अकरा होती, त्यातली चार त्याने घरीच ठेवली.

कामाला सुरुवात केली ती कोठीच्या दारापासून. दार तासलं, नव्या बिजागऱ्यांवर टांगलं. कडी अशी बसवली की आतूनही, बाहेरूनही उघडावी. संध्याकाळच्या लाँचने तात्या बघायला आले. हौसाबाई चुलीपाशी चहा उकळत होत्या.

तात्यांनी दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. कडेवरून अंगठा फिरवला. मान डोलावली.

अंकुशला राहवेना.

“तात्या, आता पेटी बघा. बंद पेटी, खटके लावलेले. इथून ड्रिल बिजागरीला टेकेपर्यंत किती वेळ, मोजून दाखवतो.” त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. “त्या दिवशी सहा मिनिटं गेली होती. बघाच आता.”

तात्यांनी पेटीकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं.

मग ते कोठीत गेले आणि दार आतून ओढून घेतलं.

“हं,” आतून आवाज आला. “काढ.”

अंकुशने खटके उघडले. झाकण मागे टाकलं. ड्रिल हातात, बिट बसवलं, टोक बिजागरीच्या स्क्रूवर. हात जराही अडखळला नाही. चुलीपाशी हौसाबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं होतं. त्या दाराकडे बघत होत्या.

“एकवीस सेकंद!” अंकुश ओरडला. “तात्या, एकवीस!”

त्याने दाराला कान लावला.

“तात्या?”

...

“इथं अंधारात जास्त झाले.”