सावरखिंडीतली तबीथा

खिंडीतून गाडीरस्ता जायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा सावरखिंड ओलांडायची तर पायीच. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पावसाळ्यात धुकं असं, की आपलाच हात आपल्याला दिसू नये.

खिंडीच्या माथ्यावर याकोब नावाचा वाटाड्या राहायचा. माणसांना धुक्यातून पलीकडं नेऊन सोडायचा. त्याची बायको तबीथा. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. एकदा याकोबानं एका पाद्र्याला घाट उतरवून दिला, आणि वाटेत त्या पाद्र्यानं त्याला एक स्तोत्र शिकवलं. त्यात एक माणूस डोंगरांकडे बघतो आणि विचारतो, मला मदत कुठून येणार?

याकोबानं घरी येऊन तेवढी ओळ तबीथाला म्हणून दाखवली. तिनं विचारलं, "मग? कुठून येते मदत?"

"पुढचं परत आल्यावर शिकवतो," तो म्हणाला, आणि खाली थांबलेल्या माणसांना आणायला गेला.

तो परत आलाच नाही. गावानं दरी धुंडाळली. त्याचं मुंडासंसुद्धा मिळालं नाही.

तबीथा रोज खिंडीच्या तोंडाशी उभी राही आणि ती एकच ओळ म्हणे. ओळ संपली की कान देऊन थांबे. तिचा गळा फार गोड होता. ती म्हणायला लागली की चरणारी गुरं मान वर करून उभी राहत, असं म्हणतात. पण दरीतून उत्तर कधी आलं नाही. असे कितीतरी पावसाळे गेले.

शेवटी शेजारची ठकूबाई तिला म्हणाली, "तबे, किती वाट बघशील गं? भावाकडं जा. इथं काय राहिलंय तुझं?"

तबीथानं गाठोडं बांधलं. ती निघाली त्या दुपारी धुकं उतरलं, आणि खालून आरोळ्या ऐकू आल्या. म्हादू धनगराच्या लेकीचं वऱ्हाड वाट चुकून कड्यावर अडकलं होतं. बाया रडत होत्या. एक पाऊल चुकलं असतं तर नवरीसकट सगळे दरीत गेले असते.

गावातले पुरुष माथ्यावर जमले, पण खाली उतरायला कुणाचा पाय उचलेना. वाट फक्त याकोबाला ठाऊक होती. तबीथा त्या वाटेनं कधी गेलीच नव्हती. तिनं गाठोडं खाली ठेवलं. "देवा, मला वाट माहीत नाही. तुला आहे," एवढंच म्हणाली, आणि धुक्यात शिरली.

चार पावलं गेल्यावर तिला काहीच दिसेना. तिनं ती ओळ म्हटली. आणि धुक्यातून उत्तर आलं. ज्यानं हे डोंगर घडवले, त्याच्याकडून मदत येते. तो तुझा पाय घसरू देणार नाही. तो झोपत नाही, डुलकीही घेत नाही.

ती आवाजाच्या रोखानं चालत राहिली. ती जिथं पाय टाकी तिथला निसरडा दगड कोरडा होई, असं म्हणतात. ती वऱ्हाडापाशी पोचली, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना घेऊन वर आली. म्हादूनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझ्या काय पाया पडता दादा?" ती म्हणाली. "तुमच्यातलं कोण म्हणत होतं मघाशी?"

"कुणीच नाही आई. आम्हाला तर तुमचाच आवाज आला."

पुढं ठकूबाईनं तिला हळूच विचारलं, "याकोब होता का गं तो?"

तबीथा म्हणाली, "त्याचा आवाज असता तर मी त्याच्यामागं गेलेच असते, बाई. परत आले नसते. हा मला परत आणणारा होता."

पुढच्या साली याकोबाला स्तोत्र शिकवणारा तो पाद्री, आता म्हातारा झालेला, पुन्हा खिंडीत आला. तबीथानं त्याला सगळं स्तोत्र म्हणून दाखवलं. तो थक्क झाला. "शब्द न् शब्द बरोबर आहे. कुणी शिकवलं?" तिनं नुसतं धुक्याकडं बोट केलं.

ती भावाकडं गेली नाही. म्हातारी होईपर्यंत तिनं माणसांना घाट पार करून दिला. तिचा हात धरलेल्यातलं एकही माणूस दरीत पडलं नाही, असं म्हणतात. याकोबाची आठवण मात्र सरली नाही. कुणी पलीकडून आलं की आधी त्याच्या तोंडाकडं बघायची, मग पाणी द्यायची.

आता खिंडीतून एसटी जाते. पायवाट गवतात बुडाली आहे. तरी धुकं उतरलं की सावरखिंडीची माणसं, कुठल्याही धर्माची असोत, माथ्यावर जमतात आणि ती पहिली ओळ म्हणतात. नवखा माणूस विचारतो, खाली आता कोण चालतं? त्याला हातानंच गप्प करतात. कारण ओळ म्हणून झालेली असते, आणि सगळे दरीकडं कान लावून उभे असतात.