चिचूने शिवला चिंध्यांचा परकर

एवढीशी होती एक चिचुंद्री. तिचं नाव चिचू. नाक लांब, शेपूट लांब, डोळे म्हणजे दोन मोहऱ्या. आणि भित्री? फार भित्री! पान पडलं तरी भ्यायची. स्वतःची सावली दिसली तरी भ्यायची.

चिचूला होती एक धाकटी बहीण. तिचं नाव पिटुकली. पिटुकली अगदी नवी नवी. अंगावर एक केस नाही. नुसती गुलाबी गुलाबी. आई कुशीत घ्यायची, तेव्हा पिटुकली गप्प. आई खाऊ आणायला गेली, की पिटुकली कुडकुड कुडकुड.

चिचू म्हणाली, "आई, मी पिटुकलीला परकर शिवते."

आई म्हणाली, "तुला येतं का गं शिवायला?"

"नाही येत. पण शिवते."

"बरं, शिव. पण ऊन उतरलं की मला खाऊ आणायला जायचंय. त्याच्या आधी ये हं."

बिळाच्या वर होतं सकवारमावशीचं घर. सकवारमावशी कपडे शिवायची. मशीन चालायचं, खटखट खटखट! मशीनखाली चिंध्या पडायच्या.

चिचू गेली भिंतीच्या कडेने. हळूच म्हणाली, "मावशी, चिंध्या नेऊ?"

सकवारमावशी म्हणाली, "ने गं बाई, ने! मला काय करायचंय चिंध्यांचं? आणि हा घे दोरा. ही घे मोडकी सुई. जप हं, टोचेल!"

चिचू परसात बसली. उन्हात बसली. शिवायला लागली. सुई खाली, सुई वर. सुई खाली, सुई वर. एक टाका लांब. एक टाका आखूड. आई गं! सुई बोटात!

पिवळी चिंधी शिवली. निळी चिंधी शिवली. ठिपक्याठिपक्यांची चिंधी शिवली. उरली एक लाल चिंधी.

इतक्यात वारा आला. फर्रर्र!

लाल चिंधी उडाली. गेली, गेली, गेली... आणि बोरीच्या झाडात अडकली.

परकराला पुढे राहिलं भोक. हे एवढं मोठं भोक! भोकातून थंडी आत जाणार. पिटुकली कुडकुडणार.

चिचूने परकर गुंडाळला. दगडाखाली ठेवला. सुई कानामागे खोचली. दोरा कमरेला बांधला. आणि निघाली चिचू. कडेकडेने, कडेकडेने, लुटुलुटु लुटुलुटु. छातीत धडधड धडधड.

आली बोरीपाशी.

बोरीला काटेच काटे. वाकडे काटे, टोकदार काटे. जशी काही नखंच!

चिचू घाबरली. पण म्हणाली,

"बोरीबाई, बोरीबाई, चिंधी दे.
चिंधी परकराला,
परकर पिटुकलीला.
पिटुकलीला थंडी वाजते!"

बोर म्हणाली, "अशी कशी देऊ? माझी मुळं सुकली. माझा घसा सुकला. आधी पाणी आण. मग चिंधी देते."

ऊन थोडं उतरलं. निघाली चिचू. कडेकडेने, कडेकडेने, लुटुलुटु लुटुलुटु. छातीत धडधड धडधड.

आली विहिरीपाशी.

विहीर खोल. विहीर काळी. चिचूने आत डोकावलं. तर आतून कुणीतरी वर डोकावलं! लांब नाक! दोन डोळे!

चिचू टुणकन मागे. पण म्हणाली,

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी बोरीला,
चिंधी परकराला,
परकर पिटुकलीला.
पिटुकलीला थंडी वाजते!"

"वाजतेऽऽ... जतेऽऽ... तेऽऽ..." विहीर घुमली. मग म्हणाली, "असं कसं देऊ? माझं पाणी खोल खोल. पोहऱ्याला दोर नाही. आधी दोर आण. मग पाणी देते."

ऊन आणखी उतरलं. निघाली चिचू. कडेकडेने, कडेकडेने, लुटुलुटु लुटुलुटु. छातीत धडधड धडधड.

आली बैलापाशी.

बैल बसला होता. डोंगराएवढा बैल. शिंगं ही अशी लांब! बैलाने श्वास सोडला, फुस्स! चिचू उडाली. धप्पकन पडली.

उठली. अंग झटकलं. लांबूनच म्हणाली,

"बैलदादा, बैलदादा, दोर दे.
दोर विहिरीला,
पाणी बोरीला,
चिंधी परकराला,
परकर पिटुकलीला.
पिटुकलीला थंडी वाजते!"

बैलाने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. "कोण बोलतंय रे?"

"मी! इथे! खाली!"

"अगं, तू होय! दोर आहे माझ्या पोटाखाली. पण असा कसा देऊ? मला भूक लागली. भुकेला बैल उठत नाही. आधी कडबा आण. मग दोर देतो."

ऊन आणखी उतरलं. सावल्या लांब झाल्या. निघाली चिचू. कडेकडेने, कडेकडेने, लुटुलुटु लुटुलुटु. छातीत धडधड धडधड.

आली कडब्याच्या गंजीपाशी.

गंजी उंच. गंजीत अंधार. अंधारात काहीतरी सळसळ सळसळ.

चिचूचा आवाज एवढासा झाला. पण म्हणाली,

"गंजीबाई, गंजीबाई, कडबा दे.
कडबा बैलाला,
दोर विहिरीला,
पाणी बोरीला,
चिंधी परकराला,
परकर पिटुकलीला.
पिटुकलीला थंडी वाजते!"

गंजी कुजबुजली, "शूऽऽ! हळू बोल. माझ्या डोक्यावर कोण बसलंय, माहीत आहे का?"

"कोण?"

"बोका."

बोका!

"असा कसा देऊ कडबा?" गंजी म्हणाली. "जरा हलले, की बोका नखं रुतवतो. आधी बोक्याला उठव. मग कडबा देते."

चिचूचे पाय पुढे जाईनात. चिचूचे पाय मागे जाईनात. शेपूट थरथर. मिशा थरथर.

"जाऊ का घरी?" चिचूने स्वतःलाच विचारलं.

बिळात पिटुकली होती. उघडी उघडी. गुलाबी गुलाबी. कुडकुड कुडकुड.

"नको," चिचू म्हणाली. "घरी नको."

आणि चढायला लागली चिचू. एक काडी, दुसरी काडी. घसरली. पुन्हा चढली. एक काडी, दुसरी काडी. छातीत धडधड धडधड धडधड धडधड!

पोचली वर.

वर बोका. काळा काळा बोका. एका वाकळेवर बसलेला. एक डोळा मिटलेला. एक डोळा उघडा. हिरवा!

चिचूने डोळे गच्च मिटले. आणि एका दमात म्हणाली,

"बोकोबा, बोकोबा, ऊठ ना.
कडबा बैलाला,
दोर विहिरीला,
पाणी बोरीला,
चिंधी परकराला,
परकर पिटुकलीला.
पिटुकलीला थंडी वाजते!"

बोका म्हणाला, "गुर्रर्र! मलाही थंडी वाजते. ही बघ माझी वाकळ. फाटली. भोकातून वारा येतो. म्हणून मी भोकावर बसतो. उठू कसा?"

मग बोक्याने दुसरा डोळा उघडला. "कानामागे काय आहे तुझ्या?"

"सु... सुई."

"शिवता येतं?"

"थो... थोडं थोडं."

"मग आधी वाकळ शिव. मग उठतो. पण नीट शिव हं! टाका निसटला, तर तुला करीन गट्टम!"

चिचूने सुई काढली. दोरा काढला. बोका थोडासा सरकला. एवढासाच! भोक इथे, आणि बोक्याचा पंजा तिथे. पंजात नखं. एक, दोन, तीन, चार!

चिचू शिवायला लागली. सुई खाली, सुई वर. सुई खाली, सुई वर. एक टाका लांब. एक टाका आखूड. बोक्याची मिशी चिचूच्या पाठीला लागली. चिचू हलली नाही. बोक्याचा गरम श्वास चिचूच्या मानेवर आला. चिचू हलली नाही. सुई खाली, सुई वर.

गाठ मारली. दोरा तोडला.

"झालं," चिचू म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिलाच ऐकू आला नाही.

बोक्याने नख बाहेर काढलं. टाक्यात अडकवलं. ओढलं. खस्स!

टाका हलला नाही.

बोक्याने आणखी जोरात ओढलं. खस्सऽऽ!

टाका हलला नाही.

बोका म्हणाला, "वाकडा आहे."

चिचूने श्वास धरला.

बोका म्हणाला, "वाकडा आहे. पण घट्ट आहे."

आणि बोका उठला! पाठ वर केली. वाकळ तोंडात धरली. गंजीवरून मारली उडी, धप्प! आणि गेला.

गंजी म्हणाली, "हुश्श! डोकं हलकं झालं." गंजीने सोडली एक पेंढी. पेंढी निघाली उतारावरून. गडगड गडगड गडगड! थेट बैलाच्या तोंडापुढे.

बैलाने कडबा खाल्ला. करकर करकर. बैलाचं पोट भरलं. बैल उठला. पोटाखाली होता दोर.

"घे," बैल म्हणाला. मग त्याने चिचूकडे पाहिलं. "अगं, तू एवढीशी! तू काय दोर ओढणार? चल, मी येतो."

बैलाने दोर आणला विहिरीपाशी. दोर पोहऱ्याला बांधला. पोहरा गेला खाली, खाली, खाली. डुबुक! बैलाने दोर ओढला. पोहरा आला वर, वर, वर. विहिरीने पाणी दिलं.

पाणी निघालं पाटातून. खळखळ खळखळ. थेट बोरीच्या मुळाशी.

बोर पाणी प्यायली. गटगट गटगट. बोरीचा घसा ओला झाला. बोरीने फांदी खाली केली. काटे बाजूला केले. आणि लाल चिंधी चिचूच्या हातात दिली.

"जा बाई, लवकर जा," बोर म्हणाली. "ऊन गेलं बघ."

खरंच! ऊन गेलं होतं. आभाळ राखाडी झालं होतं.

चिचूने दगडाखालून परकर काढला. सुई घेतली. दोरा घेतला. पण दोरा कमी! बराचसा दोरा बोक्याच्या वाकळेला लागला होता. उरला होता एवढासाच.

पुरेल का? नाही पुरणार?

चिचूने टाके लांब घातले. सुई खाली, सुई वर. सुई खाली, सुई वर. शेवटचा टाका. शेवटची गाठ.

पुरला! अगदी पुरता पुरला!

चिचूने परकर डोक्यावर घेतला. निघाली घरी. कडेकडेने, कडेकडेने, लुटुलुटु लुटुलुटु.

इतक्यात...

घूंऽऽ! घूंऽऽ!

घुबड! चिंचेवर घुबड! गोल गोल डोळे. चिचूकडेच पाहत होतं.

घुबडाने पंख पसरले. घुबड निघालं. पंखांचा आवाजसुद्धा नाही. जवळ आलं. आणखी जवळ आलं.

पळायला वेळच नव्हता. चिचू परकराखाली बसली. नाक आत. पाय आत. शेपूट आत. परकराखाली अंधार. अंधारात फक्त धडधड धडधड.

घुबड वरून गेलं. खाली पाहिलं. "चिचुंद्री कुठे गेली? इथे तर नुसत्या चिंध्या! पिवळी, निळी, ठिपक्याठिपक्यांची, लाल. चिंध्या कोण खातं?"

आणि गेलं उडून.

चिचू थांबली. आणखी थोडी थांबली. मग नाक बाहेर काढलं. मग एक डोळा. मग धूम! लुटुलुटु लुटुलुटु लुटुलुटु लुटुलुटु... शिरली बिळात!

आई दारातच उभी होती. "चिचू! कुठे होतीस गं? माझा जीव टांगणीला लागला!"

चिचूने परकर पुढे केला.

आईने परकर पाहिला. आतून पाहिला. बाहेरून पाहिला. वाकड्या टाक्यांवरून हात फिरवला.

"हा तू शिवलास?"

चिचूने मान हलवली.

"एकटीने?"

चिचूने पुन्हा मान हलवली. आणि मग तिला रडू आलं. आईने तिला पोटाशी धरलं. घट्ट धरलं. धडधड हळू झाली. आणखी हळू झाली.

मग दोघींनी मिळून पिटुकलीला परकर घातला. पण परकर झाला होता मोठा! पिटुकलीच्या कमरेला बसेचना. वर ओढला, तर डोक्यावर गेला. खाली सोडला, तर पायांच्या पुढे गेला. पिटुकलीचं फक्त नाक दिसत होतं. गुलाबी गुलाबी नाक.

आई हसली. "अगं चिचू, केवढा शिवलास हा! यात तर तूसुद्धा मावशील!"

चिचूने पाय आत घातले. पोट आत घातलं. मावली की!

"आता मी खाऊ घेऊन येते," आई म्हणाली. "दोघी आत राहा."

आई गेली. पिटुकली कुडकुडली का? नाही. थरथरली का? नाही. तिने चिचूच्या पोटात नाक खुपसलं आणि मोठ्ठी जांभई दिली.

"पिटुकली," चिचू म्हणाली, "थंडी वाजते?"

पण पिटुकलीला झोप लागली होती.

पिटुकली झोपली. चिचू झोपली. आता झोपा तुम्ही, म्हणजे गोष्टही झोपेल.