गप्प केलेला ब्रेक

खूप खूप वर्षं झाली. किती, ते विचारू नका. राजे होते, घाट होते आणि सायकलीही होत्या, एवढं पुरे.

तेव्हा एका पठारावर एक सुईण राहत होती. पठारावरच्या आणि घाटाखालच्या सगळ्या गावांत मिळून सुईण ती एकच, म्हणून राजाने तिला सायकल दिली होती. घाटाखाली कुणाचे दिवस भरले की तिथली माणसं ओला पेंढा पेटवून धूर करत. एक धूर म्हणजे कळा सुरू झाल्या, ये. दोन धूर म्हणजे बाई अडली आहे, असशील तशी ये.

सुईण हाताची हलकी, पण जिभेची तिखट होती. एखादी पोटुशी दर महिन्याला दाखवायला आली नाही, तर तिची खैर नसे. "दुखत नव्हतं म्हणून आली नाहीस? आणि दुखायला लागल्यावर आलीस तर मी काय करू?" असं ती दारातच विचारी.

घाटाच्या पायथ्याशी सायकली दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. तो तिला नेहमी सांगे, "मावशी, महिन्यातून एकदा सायकल माझ्या हाताखालून जाऊ द्या. तारा बघतो, चाकं बघतो, ब्रेकचं रबर बघतो."

"आणि तुम्ही अर्धा दिवस ठेवून घेतलीत, नेमका तेव्हाच धूर दिसला तर?" सुईण म्हणे. "चांगली पळतेय की. कुठे दुखतंय तिला?"

मिस्त्रीला तिच्याशी वाद घालवत नसे. त्याची तिन्ही मुलं तिच्याच हातांवर जन्मली होती. तो पाना उचलून पुन्हा कामाला लागे.

अशी चार वर्षं गेली. मग ब्रेक ओरडायला लागला. आधी हळू, नंतर कानाला सहन होईना इतका. उतारावर सुईण आली की गुरं बिथरत, पोरं कान दाबून धरत. सुईणीला लाज वाटू लागली.

आता, या बाईचा सगळ्यावर एकच उपाय होता, तेल. बाळाचं अंग तेलाने सुधारतं, बाळंतिणीची कंबर तेलाने सुधारते. तिने एके सकाळी वाटीभर तेल कोमट केलं आणि रबराला, चाकाच्या कडेला, बाळाला चोळावं तसं निगुतीने चोळलं. अंगणात चाक फिरवून ब्रेक दाबून पाहिला. आवाज बंद. तिला इतकं समाधान वाटलं, की तिने उरलेलं तेलही तिथेच जिरवलं.

हात पुसते न पुसते तोच घाटाखालून धूर दिसला. मिस्त्रीच्या घरचाच होता. त्याच्या सुनेचं पहिलं बाळंतपण होतं. सुईण झोळी गळ्यात अडकवून निघाली. पठार सपाट, ब्रेक दाबायची वेळच आली नाही. घाटाच्या तोंडाशी पोचली तेव्हा धूर दोन झाले होते.

पहिल्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला. ब्रेक ओरडला नाही. सायकलही थांबली नाही.

तिने मुठी पांढऱ्या पडेपर्यंत ब्रेक आवळला. चाक तसंच पळत होतं. पहिलं वळण कसं पार पडलं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने पाय जमिनीला घासला, तर वहाणेचा अंगठा तुटून वहाण मागे राहिली. दुसऱ्या वळणावर सुटे दगड चाकाखालून उडून दरीत गेले. ते खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

तिसऱ्या वळणाला कठडा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. ती मोठ्याने म्हणाली, "देवा, मी गेले तर त्या पोरीचं काय होईल?" आणि डोळे मिटून तिने सायकल डोंगराच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत घातली.

शुद्धीवर आली तेव्हा तोंड काट्यांनी फाटलं होतं आणि उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. दुसरी वहाण काढून टाकून उरलेला घाट ती अनवाणी उतरली. धूर तोवर विझले होते. ते का विझले असतील, याचा विचार करायची तिची हिंमत होईना.

सून जिवंत होती, पण थकून पांढरीफटक पडली होती. बाळ पायाळू होतं. ते सोडवणारा हात या मुलखात एकच होता, आणि तो मोडला होता.

सुईण मिस्त्रीच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, हात धुवा. मी सांगते तसं करा."

"माझे हात कापतायत हो! मला नाही जमायचं."

"माझेही कापतायत. धुवा."

किती वेळ गेला कोण जाणे. सुईण सांगत होती, सासू रडत रडत करत होती. शेवटी बाळ बाहेर आलं. निळंसावळं पडलेलं, आणि गप्प.

सुईणीने डाव्या हाताने त्याची पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. "ओरड रे राजा," ती म्हणाली. "एकदा ओरड. हवं तेवढं ओरड." बाहेर उंबऱ्याशी मिस्त्री भिंतीला डोकं टेकून उभा होता.

आणि बाळ ओरडलं. कर्कश, कानाला सहन होईना असं. सुईण तिथेच बसली आणि लहान मुलासारखी रडली.

संध्याकाळी मिस्त्रीने जाळीतून सायकल ओढून आणली. ब्रेकवर बोट फिरवून तो म्हणाला, "मावशी, रबर संपलं होतं, म्हणून तो ओरडत होता. तारेचेही दोनच धागे उरलेत, आणि तेलावर रबर धरतच नाही. तो तुम्हाला सांगत होता, आणि तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत."

सुईणीचं मनगट वाकडंच जुळलं. पुन्हा त्या हाताने तिला एकही बाळ सोडवता आलं नाही. ती पायथ्याशी मिस्त्रीच्या शेजारी राहायला आली आणि त्याच्या बायकोला तिने सगळी विद्या शिकवली. आता धूर दिसला की सायकल ती चालवी आणि सुईण मागे बसे. दर पौर्णिमेला मात्र सुईण स्वतः सायकल घेऊन मिस्त्रीच्या दारात उभी राही.

"काही आवाज येतोय का?" तो विचारी.

"नाही."

"कुठे अडकतेय?"

"कुठेच नाही. म्हणूनच आणली," ती म्हणे, आणि अर्धा दिवस तिथेच ओट्यावर बसून राही.

बोध हाच, की ज्याच्या हाती आपण जीव सोपवतो, ते ओरडण्याआधीच वरचेवर जाणत्याच्या हाताखालून काढावं.